अनसूयेची नाडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट उमगत नाही – कदाचित तुम्ही अनसूयेला ओळखत नाही, म्हणून.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात अनसूया माझी वर्गमैत्रीण होती. विणकराघरची. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. सकाळी मागासाठी सुताच्या कांड्या भरून मग ती मैदानावर येई. तिच्या मनगटांना ओल्या सुताचा, रंगाचा वास असे. धावताना तिच्या पावलांचा आवाज होत नसे. ऐकू येई ती केवळ बांगड्यांची किणकिण – तीही एका लयीत, जणू कुणी आत बसून मात्रा मोजत आहे. पुण्याच्या स्पर्धेसाठी तिचं नाव ठरलं होतं.

त्या सुमारास एक डॉक्टरीणबाई येऊन आम्हाला हृदयाविषयी सांगून गेल्या. धावताना ठोके वाढतात, ते वाढायलाच हवेत. निरोगी हृदय विसावा मिळताच झरझर खाली उतरतं. जे उतरत नाही, त्याला जपायचं. नाडी कशी पाहावी, हेही त्यांनी दाखवलं. मी ऐकत होते का? त्यांच्या बोलण्यातला चढ-उतार मला आवडला आणि मी मनाशी ओळी जुळवू लागले. एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या बाईंनी एकमेकींची नाडी पाहायला आमच्या जोड्या लावल्या. आधी मी धावले. अनसूयेनं माझं मनगट धरलं आणि खळखळून हसली, "तुझं काळीज लई घाईत आहे की गं! कुठं निघालंय?" मग ती धावून आली. तिचं मनगट मी हाती घेतलं, अंगठा टेकवला. नाडी वेगानं उडत होती. ठीकच होतं ते. पण ती विसावल्यावर पुन्हा पाहिली, तर तितकीच. मी घाबरले. तिसऱ्यांदा पाहिली – आणखी वेगवान! समोर अनसूया शांत बसली होती, श्वास संथ, कपाळावरचा घाम वाळलेला. हे मला दिसत होतं. मग मी डोळ्यांवर विश्वास का ठेवला नाही?

मी बाईंना सांगितलं. बाईंनी स्पर्धेतून तिचं नाव काढून टाकलं. "मला काय बी होत नाही बाई, आणखी एकदा पळून दाखवते की," ती म्हणत राहिली. बाईंनी ऐकलं नाही.

त्याच दुपारी वाचनालयात बसले होते. पुस्तक उघडं, मन कुठंच नाही. अंगठा नकळत टेबलाच्या कडेवर दाबला गेला – आणि टेबलाची नाडी लागली. संथ, स्पष्ट. लाकडाला नाडी असते का? तेव्हा डॉक्टरीणबाईंचं अर्धवट ऐकलेलं वाक्य कुठून तरी वर आलं: अंगठा वापरू नका, त्याला स्वतःचे ठोके असतात.

सकाळी मी माझंच हृदय मोजत होते. घाबरत होते, म्हणून ते अधिकच धावत होतं.

स्पर्धेला अजून अवकाश होता. बाईंच्या खोलीच्या दारापर्यंत मी गेले. आत त्या कुणाशी तरी बोलत होत्या. चहाचा वास येत होता. मी परतले. कशाला भ्याले मी? हसतील म्हणून? की तिच्या त्या किणकिणीचा मला मनातून हेवा वाटत होता? अजूनही कळत नाही. दोन्ही कारणं हातात घेऊन पाहते, दोन्ही सारखीच गरम लागतात.

अनसूयेच्या घरच्यांनी तिला दवाखान्यात नेलं नाही. लग्नाची मुलगी, काळजाचं दुखणं – चारचौघांत बोभाटा नको. त्यांनी तिचं धावणं थांबवलं. मग पाण्याची घागर, मग जिना. सगळे इतकं जपू लागले, की तिलाही ते खरं वाटू लागलं.

काही वर्षांनी सोलापुरातच, नवी पेठेत ती भेटली. दुकानाची पायरी चढताना थांबली, छातीवर हात ठेवला, मग दुसरी पायरी. चेहरा तोच, पण चालणं एखाद्या म्हातारीचं. मला पाहून तिचे डोळे भरून आले. भोवती गर्दी होती, नव्या कापडाचा कोरा वास होता, आणि ती माझा हात घट्ट धरून म्हणत होती, "त्या दिवशी तू सांगितलंस म्हणून जगले गं मी. न्हाई तर पळता पळताच गेले असते."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. तिचे पाय तिला परत मिळाले असते.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जप हं स्वतःला."