मोज्यातली कुसळं

मी वडिलांना सात महिने घरात कोंडून ठेवलं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर कारणंच सांगत बसेन.

दिवाळीनंतर टेकडीवर त्यांना चक्कर आली होती. कोणीतरी रिक्षाने घरी आणून सोडलं. एकट्याने टेकडीवर जायचं नाही, असं मी बजावलं. बायको आणि मी दोघंही नोकरीला. संध्याकाळी विचारलं की ते म्हणायचे, "खाली बाकावर बसलो होतो." एकदा त्यांचे मोजे धुवायला टाकताना बोटाला टोचलं. गवताची कुसळं, तांबूस लांब शेपटीची. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत असलं गवत कुठेच नाही.

मी मोजे त्यांच्यासमोर धरले.

"खडकीच्या कारखान्यात नोकरीभर फाटकावर झडती दिली," ते म्हणाले. "आता घरीही सुरू झाली म्हणायची."

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाताना मी बाहेरून कुलूप लावू लागलो. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली आणि तेवढ्यावर स्वतःला जबाबदार मुलगा समजलो. सुरुवातीला ते विचारायचे, "साहेब, कैद्याचं जेवण कुठे ठेवलंय?" मग विचारेनासे झाले. ऑफिसात काम करताना मला त्या कुलपाचा खटका ऐकू यायचा. तरी काढलं नाही. काढायचं तर लावलं ते चुकलं, हे म्हणावं लागणार होतं.

जूनमधल्या एका रविवारी ते गॅलरीत कुंडीपाशी बसले होते. कुंडीतलं गुलाबाचं झाड कधीच वाळलं होतं. त्या मातीत गवताची बारीक पाती वर आली होती.

"तुझा पुरावा," ते म्हणाले.

मोज्यातली कुसळं त्यांनी फेकली नव्हती, काही कुंडीत टाकली होती. काडेपेटीत राखलेलं एक काढून त्यांनी तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. पीळ पडलेली शेपटी हळूहळू फिरायला लागली.

"ओल लागली की असं फिरतं आणि टोक मातीत शिरतं," ते म्हणाले. "पण तिथपर्यंत जायला कोणीतरी हिंडणारं लागतं. गुरं, माणसं. याला मी मिळालो, म्हणून चौथ्या मजल्यावर पोचलं. पुढे जायला याने आता दुसरं कोणीतरी बघावं."

मी म्हटलं, "चला, टेकडीवर जाऊ."

पायथ्यापर्यंत रिक्षाने गेलो. दहा-बारा पावलं चढून ते एका दगडावर बसले. गुडघे थरथरत होते, त्यावर त्यांनी दोन्ही हात दाबून धरले होते.

"तू जाऊन ये वर. मी बसतो इथे."

मी गेलो नाही. त्यांच्या शेजारी बसलो. चढणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

"बाबा, तुम्ही पडाल ही भीती होती, ते खरं," मी म्हणालो. "पण कुलूप मी त्यासाठी नाही लावलं. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, त्याचा राग होता. माझं चुकलं. मला माफ करा."