आडनावाला एक कळशी

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजातली मंडळी कुणाच्या लग्नात भेटली की पंगत उठून जाते, आम्ही मात्र बोलतच बसतो. किस्से दर वेळी वाढतातच. घरचे विचारतात, "तुम्ही तिथं शिकलात तरी कधी?" खरं सांगू? त्या दुष्काळाच्या वर्षी आम्ही शिकलो कमी आणि पाणी जास्त वाहिलं.

*

विद्यापीठानं त्या वर्षी युवा साहित्य संमेलन आमच्याकडं दिलं. विषय होता 'जात, स्त्री आणि लेखन'. मराठीच्या दिगंबर सरांनी तयारीसाठी महिनाभराचं लेखन शिबिर काढलं. मी वाङ्मय मंडळाचा सचिव, म्हणजे सतरंज्या उचलणारा. पहिल्याच दिवशी सरांचं फर्मान निघालं.

"आडनावं बाहेर चपलांजवळ ठेवून आत यायचं. जो दुसऱ्याचं आडनाव विचारील, त्यानं टँकरवरून एक कळशी होस्टेलला पोचवायची."

टँकर खाली गेटवर थांबायचा आणि मुलींचं होस्टेल वर टेकाडावर. आपल्याकडं माणूस भेटला की आधी आडनाव लागतं, त्याशिवाय गप्पा पुढं सरकतच नाहीत. पहिल्या आठवड्यात मी एकट्यानं अकरा कळश्या वाहिल्या. होस्टेलच्या रेक्टरबाई सरांना म्हणाल्या, "सर, पोरांना सुधारायची घाई करू नका. आमचे रांजण आत्ता कुठं भरायला लागलेत."

*

मांजरसुंब्याच्या बाळूनं पळवाट काढली. शिबिरात आलेल्या नव्या पोराला म्हणाला, "आडनाव ऱ्हाऊ दे बे. गावात घर कोणच्या अंगाला हाय तुजं?"

सरांनी नेमकं ऐकलं. "याला दोन कळश्या," ते म्हणाले. "एक विचारल्याची, एक अक्कल लावल्याची."

पण एकदा सरच सापडले. हजेरी घेताना सवयीनं बोलून गेले, "सिंधू... आडनाव काय गं तुझं?" सरांनी पेनाला टोपण लावलं, गेटवर गेले, कळशी भरून टेकाड चढून आले आणि धापा टाकत म्हणाले, "नियम चांगलाय. चढ जरा जास्त आहे." हा माणूस मला फार आवडायचा. आज तो नाही, पण आठवतो तो अजून खांद्यावर कळशी घेतलेलाच.

*

एकदा सरांनी मुलांना लिहायला दिलं, 'मी माझी आई आहे. माझा एक दिवस.' बाळूची वही तीन दिवस कोरी. मग तो सुट्टी टाकून गावी गेला. परत आला तर वहीत एकच ओळ, 'मी उठले.'

"एवढंच?" सर म्हणाले.

"कवा उठती तेच सापडंना, सर. मी उठलो तवा ती उठलेलीच. तिसऱ्या दिशी तर चारला उठलो. तरी चूल पेटलेली."

कुणी हसलं नाही. त्या दिवशी बऱ्याच जणांनी घरी पत्रं टाकली. मीही टाकलं.

*

सगळ्यांत चांगलं लिहायची सिंधू. तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला कोल्हापूरकडं जायचे. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, गेलेल्या दिवसांवर तिनं लिहिलं आणि सरांनी ते संमेलनात वाचायला निवडलं. पण वडिलांचा निरोप आला. आईचा हात मोडलाय, यंदा भाकरी थापायला सिंधूच पाहिजे. ट्रक नेमका संमेलनाच्या दिवशी निघणार होता.

मी सचिवाच्या तोऱ्यात धीर दिला, "अगं, लिहिणं काय, कुठंही करता येतं."

"कोपीत कंदील एकच असतोय, दादा. तो चुलीपाशी लागतो," ती म्हणाली. "ताई बी अशीच एका सालासाठी गेलती. पुन्ना वर्गात आलीच न्हाई."

मला माझ्या त्या वाक्याची अजून लाज वाटते.

*

संमेलनाचे अध्यक्ष होते साखर कारखान्याचे चेअरमन. गेटजवळचा मांडव त्यांनीच दिलेला, टँकरही त्यांचाच. सिंधूचे वडील, अण्णा, शेवटच्या बाकावर बसलेले, पायाशी तिची पत्र्याची पेटी. बाहेर ट्रक उभा. "वाचून झालं की निघू," एवढंच ते मला म्हणाले.

सिंधूनं वाचलं. टाळ्या थांबेनात. चेअरमन उठले, माईक ओढून म्हणाले, "लई झ्याक लिवलंस, पोरी. आडनाव काय तुजं?"

मांडवभर खसखस पिकली. सरांनी त्यांच्या कानात नियम सांगितला. आता हे चिडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. "आसं हाय व्हय? मग आणा कळशी." गेले, टँकरच्या तोटीखाली कळशी भरली आणि खांद्यावर घेतली. परीटघडीचा सदरा पार भिजला.

अण्णांना ते बघवेना. पळत गेले, "साहेब, तुमी कावून? द्या मपल्याकडं," म्हणत कळशी आपल्या खांद्यावर घेतली.

सिंधू अजून माईकपाशीच होती.

"अण्णा," ती म्हणाली, "ती त्यांची त्यांना द्या. त्यांनी इचारलंय."

अण्णा थांबले. मांडवाकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि कळशी परत चेअरमनच्या खांद्यावर ठेवली. मग मागं येऊन बाकाखालची पेटी उचलली आणि चेअरमनच्या मागोमाग होस्टेलचा चढ चढायला लागले.