दोन पंचांच्या समक्ष आलेली गाडी

गेल्या शनिवारी सकाळी अकोल्याकडून येणारी गाडी वाशीम स्थानकावर चाळीस मिनिटे उशिरा आली. माझे थोरले साडू मला घेऊन त्याआधी दोन तास फलाटावर हजर होते. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट खरी न मानण्यात त्यांच्या तोडीचा माणूस वाशीम जिल्ह्यात नाही. अर्थात हे विधानही ते पंचांच्या सहीशिवाय मान्य करणार नाहीत.

साडू तीस वर्षे कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन ते कामरगावपासून मंगरूळपीरपर्यंत फिरले. ‘मानूस गावाले गेला,’ असे घरच्यांनी सांगितले की ते टोपल्यातल्या भाकरी मोजत आणि एक जास्त निघाली की ओट्यावर ठाण मांडत. निवृत्त झाले, तरी ही सवय निवृत्त झाली नाही. दूधवाला म्हशीला पारडू झाले म्हणाला, तर हे गोठ्यात जाऊन पारडू पाहून आले. एका लग्नात वरणात मीठ कमी असल्याचे त्यांनी चार जणांना चाखायला लावून सिद्ध केले, तोवर पंगत उठली होती. माझ्या साखरपुड्यात त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘तुमी तेच काय? ओयखीचा कागद आनला?’ मी आणला नव्हता. तो मुद्दा त्यांच्या लेखी अजून प्रलंबित आहे.

त्यांची एकुलती एक लेक पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. गाडी या क्षणी कुठे आहे आणि किती उशिरा आहे, हे शोधून देणारे एक साधन या कंपनीने तयार केले आहे. ते माणसाने थेट वापरायचे नसते. माणसाच्या वतीने फोनमधला एआय मदतनीस ते वापरतो. मात्र ते केव्हा वापरावे, काय विचारावे आणि आलेले उत्तर प्रवाशाला कसे सांगावे, हे त्या मदतनिसाला आधी लिहून द्यावे लागते. मराठीतले हे टिपण लेकीने बापावर सोपवले. ‘बाबा, सोपं लिहा, एक पान बस झालं,’ असे तिने बजावले होते. साडूंनी एकेचाळीस कलमे लिहिली.

पहिल्या कलमानुसार मदतनिसाने प्रवाशाला जयभीम किंवा रामराम, ज्याचे जे चालत असेल ते करावे. नवव्यात गाडीचे नाव, क्रमांक आणि ‘ओळख पटेल अशी खूण’ मागितली आहे. गाडीला खूण कशाला, असे मी विचारले. ‘साडभाऊ, एकाच नावाचे तीन-तीन इसम एका गावात भेटतात. गाडी कोन मोठी लागून गेली?’ सतराव्या कलमात म्हटले होते की, गाडी आली असे सांगण्यापूर्वी दोन पंचांची नावे, वय व धंदा नोंदवून घ्यावा. लेकीने दहा कलमे वाचली आणि बाकीची बापावर विश्वास ठेवून जशीच्या तशी भरली.

दोन वर्षांत ती घरी आली नव्हती. सुटी दोनच दिवसांची होती. अकोल्याला गाडी बदलायची आणि ती चुकली तर पुढची संध्याकाळी, म्हणजे दोनातला एक दिवस गेलाच. टिपणाची चाचणी याच प्रवासात घ्यायचे तिने ठरवले.

अकोल्यात तिने गाडी कोणत्या फलाटावर आली, असे मदतनिसाला विचारले. उत्तर आले, ‘जयभीम. गाडी आल्याची खात्री झालेली नाही. दोन पंच कळवा.’ तिने शेजारच्या मुरमुरेवाल्याला गाठले. त्याने नाव, वय, धंदा मुकाट्याने सांगितला. दुसरी पंच संत्री विकणारी बाई होती. ‘वय कायले पाह्यजे व माय तुले?’ ती कडाडली. ‘मांगं पाह्य, गाडी सुटून राह्यली!’

त्या वेळी वाशीमला साडू त्याच टिपणावर चालणाऱ्या आपल्या फोनला विचारत होते, ‘पोरगी गाडीत बसली काय?’ फोन म्हणाला, ‘प्रवासी गाडीत असल्याची खात्री झालेली नाही.’ त्यांनी पुन्हा विचारले. फोन ठाम होता. लेकीचा फोन लागत नव्हता.

‘हे असं आडमुठं लिहिलं कोनं?’ साडू माझ्यावर ओरडले.

‘तुमीच.’

ते खाली बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ऐकीव माहिती मागितली, ‘साडभाऊ, तुमाले काय वाटते? बसली असन न?’

मी बसली म्हणालो. पुरावा मागितला गेला नाही.

गाडी आली. लेक शेवटच्या डब्यातून उतरली. एका चपलेचा पट्टा तुटलेला होता. साडूंनी तिला नखशिखांत पाहिले आणि मला म्हणाले, ‘तुमीबी पाह्यली न? झाले दोन पंच.’

सतरावे कलम शनिवारी दुपारी तिने त्यांच्यासमोर रद्द केले. रविवारी ती परत गेली. गाडी गेल्यानंतर साडू फलाटावरच बसून फोनला ती कुठवर पोहोचली ते विचारत होते. वाटेतले जऊळका स्थानक येईपर्यंत त्यांनी अकरा वेळा विचारले, पुढे अकोल्यापर्यंतचे मोजणे मी सोडून दिले.

त्याच रात्री टिपणात बेचाळिसावे कलम आले: ‘सुटलेल्या गाडीबद्दल तोच इसम पुन्हा पुन्हा विचारत असल्यास दर वेळी उत्तर द्यावे. कारण विचारू नये.’

सोमवारी सकाळी लेकीने हे कलम एका अक्षराचाही बदल न करता मंजूर केल्याची नोंद आहे.