अगरबत्तीचे गाळे

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसलो, त्याला कारण एक जुना राग. ठाण्यात एका व्यवहाराची शेवटची बैठक होती. दोन्ही पार्ट्या मी आणलेल्या, आठ महिने घासाघीस मी केलेली. गुंतवणूकदारांकडून आलेला एक सुटातला पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "ब्रोकरना बाहेर बसवा, आता आकड्यांचं बोलायचंय." मी बाहेर बसलो. कोणीतरी कॉफी आणून दिली, ती प्यायलोसुद्धा. तो राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

खोपटच्या एसटी डेपोजवळ एका संस्थेत शनिवार-रविवारचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, व्यापारी मालमत्तेच्या गुंतवणुकीचं विश्लेषण. तिथे फी भरली. मी डोंबिवलीत विजेच्या खांबांना 'गाळा देणे आहे'चे बोर्ड बांधत धंदा सुरू केलेला माणूस. भाव मला तोंडपाठ असायचे, पण एक्सेलमध्ये साधी बेरीज करता येत नव्हती. ती शिकवली शेजारच्या बाकावरच्या मुलीने. ती कळव्याची, वडील पोस्टात, स्वतः एका बँकेच्या कर्ज विभागात नोकरीला. मला दादा म्हणायची. एकच गोष्ट मी चारचारदा विचारायचो आणि ती चारही वेळा सांगायची, तेही बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

दुसऱ्या सत्रात जोडीने प्रकल्प करायचा होता. एक व्यापारी इमारत घ्यायची आणि तिच्या भाड्यावरून तिची आजची किंमत काढायची. यात सगळा खेळ रिकाम्या गाळ्यांचा असतो. जितके गाळे रिकामे तितकं भाडं कमी आणि तितकी इमारतीची किंमत खाली. मी कल्याणला शहाडच्या रस्त्यावरचं एक संकुल सुचवलं. साठ गाळ्यांचं, त्यातले निम्मे मीच विकलेले. गाळे मी मोजायचे, गणित तिने करायचं असं ठरलं. निवडक प्रकल्प बाहेरून येणाऱ्या गुंतवणूक कंपन्यांच्या लोकांपुढे मांडायचे होते. त्या बैठकीतला सुटातला पोरगाही त्यात असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

मी तिला आकडा दिला, बावन्न चालू, आठ रिकामे.

हा आकडा कुठून आला ते मला माहीत होतं. गाळा बंद दिसला की भाव पडतो. म्हणून ज्यांना मी गाळे विकले त्या मालकांना मीच सांगून ठेवलं होतं, की रोज सकाळी शटर वर करा, देवाच्या फोटोपुढे अगरबत्ती लावा, ट्यूब पेटवा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडा आणि तासाभराने बंद करून जा. ज्यांना यायला जमायचं नाही त्यांचं काम वॉचमन करायचा. नवी पार्टी मी नेहमी अकरा वाजता न्यायचो. प्रकल्पासाठी मोजायलाही अकरालाच गेलेलो.

ती मात्र मला न सांगता अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी चारला तिथे जाऊन आली. पुढच्या शनिवारी सर यायच्या आधी तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"दादा, तुमचे बावन्न जुळत नाहीत. खाली मीटरच्या खोलीत एकतीसच मीटरचे दिवे लुकलुकतायत, म्हणजे वीज तेवढ्याच गाळ्यांत वापरली जातेय. बाकीच्या गाळ्यांत नुसती अगरबत्ती लावतात म्हणे. वॉचमनच हसत सांगत होता."

वॉचमनने माझं नाव सांगितलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिथे माझं डोकं फिरलं. आवाज चढला आणि सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"किती गाळे विकलेस तू आजपर्यंत? एक तरी? मीटर बघून बाजार कळला असता ना, तर लाइनमनच्या नावावर बिल्डिंगा असत्या."

वर्ग हसला. हसू मिळालं की मला जोर चढतो, हा माझा धंद्यातला जुना रोग.

"तसं नाही दादा, मी फक्त..."

"तू आकडे भर गं. बाजाराचं मी बघतो."

तिने लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला, एकतीस खोडलं आणि बावन्न टाकलं. मी ते बघत होतो. त्या क्षणी हात धरून थांबवता आलं असतं. ज्या इमारतीतले गाळे मी पुढे उभं राहून विकले ती निम्मी रिकामी आहे, हे मग त्या कंपनीवाल्यांपुढे पडद्यावर दिसलं असतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायलो.

सादरीकरणाला तो सुटातला पोरगा आलाच नव्हता. आलेल्यांतल्या एका बाईंनी तिला विचारलं, "गाळ्यांची मोजणी जागेवर जाऊन केली का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोजणी दादांनी केली. त्यांचा वीस वर्षांचा अनुभव आहे." त्यात खोटं काहीच नव्हतं. आम्हाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. टाळ्या वाजल्या तेव्हा ती कागद गोळा करत होती.

तो आठवडा वाईट गेला. एका भाडेकरूवर उगाच ओरडलो, घरी जेवताना ताट सरकवलं. शेवटी रविवारी चहाच्या सुट्टीत सरांना गाठलं. सगळं सांगून टाकायचं, गुण गेले तर जाऊ देत, असं ठरवूनच गेलेलो.

म्हणालो, "सर, रिकाम्या गाळ्यांचा आकडा जरा कमी धरला गेला. तिचा बरोबर होता."

"कितीने कमी?"

"चार-पाच."

फरक एकवीसचा होता. मालकाने मागितलेला भाव पाडताना जसा माझ्या तोंडून आकडा निघतो तसाच हा निघाला, विचार न करता. अगरबत्तीचं तर मी काढलंच नाही. सर म्हणाले, एवढा फरक पडतोच, आणि माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. माझ्या पाठीवर हातही ठेवला. मी मागे वळलो तर ती चहाचा कागदी कप घेऊन दोन पावलांवर उभी होती. तिने सगळं ऐकलेलं. ती थोडी बाजूला झाली, मला जायला वाट दिली.

पुढच्या प्रकल्पाच्या जोड्या लावताना तिने सरांकडे दुसरा जोडीदार मागितला. ऑफिसच्या वेळा जमत नाहीत, असं कारण दिलं. तिचं ऑफिस शनिवार-रविवार बंद असतं, हे मला माहीत होतं. सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची काही हरकत नाही ना?"

मी हरकत नाही म्हणालो.