साधी बाटली आणि घाईची जिलेबी

मंडळी, आज सकाळी आमच्या लॅबमध्ये लई मोठा आनंद झाला. तो बरोबर अर्धा तास टिकला.

आम्ही इथं नांदेडात फुप्फुसाच्या कॅन्सरवर संशोधन करतो. कॅन्सरच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवायच्या, एका बाटलीत औषध टाकायचं, दुसरी साधी ठेवायची. औषधातल्या पेशी मेल्या आणि साध्या बाटलीतल्या जगल्या, तरच औषध खरं.

बाटल्या धुणारे रहीमचाचा रोज विचारतात, "मेल्या का?" त्यांचे थोरले भाऊ याच आजारानं गेले.

आज मायक्रोस्कोपमध्ये बघितलं आणि मी ओरडलेच, "चाचा, मेल्या! सगळ्या मेल्या!" चाचा डोळे पुसत बाहेर गेले ते गरम जिलेबी घेऊनच आले.

आम्ही बाहेर व्हरांड्यात बोटं चाटून राहिलो होतो, तेवढ्यात आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "साधी बाटली बघितली का गं?"

न्हाई बघितली! जाऊन बघते तर तिच्यातल्याही मेलेल्या. बाटल्या ठेवायची उबेची पेटी रविवारी बिघडून भलतीच तापली होती. लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं "उत्तर ताडून बघ" ऐकलं, ते सगळं पाण्यात.

चाचांना सांगायला जीभ रेटेना. सांगितलं.  चाचांनी जिलेबीचा पुडा माझ्यापुढं सरकवला.

"खा बेटी, जिलेबीचा काय कसूर? बाटल्या धुऊन ठेवल्यात, लावा पुन्हा."

पेटी दुरुस्त करून घेतली आणि लावल्या. साध्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'आधी मला बघ.'

तुमच्या हातून झालीय का कधी आनंदाची अशी घाई? आणि तेव्हा पुडा कुणी पुढं केला?