लिलाधरचा बांबू

पोहायला मला डॉक्टरांनी लावलं. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. वर्षानुवर्षं गादीवर बसून गुडघे गेले, पोट पुढे आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, भोजराजभाऊ, पाण्यात जा. गेलो. पन्नाशीत स्विमिंग पूलमध्ये हातपाय मारायला शिकलो आणि तिथे भेटलेल्या हौशी मंडळींनी मला आपल्या मंडळात ओढलं. हे मंडळ दर हिवाळ्यात चाळिशीपुढच्यांसाठी वैनगंगेत दोन किलोमीटरची शर्यत घेतं. नदीचं नाव काढलं की माझी पाचावर धारण बसते, त्यामुळे मला निरीक्षक करतात. म्हणजे पोहायचं दुसऱ्यानं, आणि डोंग्यात बसून जीव मुठीत धरायचा आपण.

निरीक्षकाचं काम सोपं आहे, असं निदान मंडळाचे लोक म्हणतात. प्रत्येक स्पर्धकाबरोबर एक डोंगा, म्हणजे लहान होडी, असते. डोंग्याला किंवा डोंग्यातल्या कशालाही स्पर्धकाचा हात लागला की तो बाद. दम संपला तर त्यानं हात वर करायचा, मग त्याला लगेच बाहेर काढायचं. हात केला की नाही, हे निरीक्षक ठरवणार.

ज्योत्सनाला मी शर्यतीच्या आधीपासून ओळखतो, ती बाजारात मासे विकते म्हणून. आमच्या घरात मासे चालत नाहीत, मला चालतात. चाळिशी ओलांडलेली, काटक, तोंडानं फटकळ बाई. माहेर कोंढ्याकडचं. तिथल्या बोडीत, म्हणजे गावच्या लहानशा तळ्यात, ती चालायच्या आधी तरंगायला लागली, असं तिची आई गीताबाई सांगते. आयांच्या सांगण्यातलं निम्मं वजा केलं तरी पुष्कळ उरतं. ती डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहते, बाजारात ओळखीचं कुणी दिसतं का बघत असल्यासारखी. नागपूरहून आलेल्या चष्मा-टोपीवाल्या बाया पहिल्यांदा तिला बघून हसल्या होत्या.

तिचा नवरा लिलाधर मासेमारी करतो. पूर्वी दोघं मिळूनच जाळं टाकायची. जाळ्याचं एक टोक डोंग्यात लिलाधरकडे, दुसरं लांब पाण्यात ज्योत्सनाकडे. वाऱ्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघांचं बोलणं हातानं चालायचं. उघडा पंजा म्हणजे ये. मूठ म्हणजे थांब, ओढू नको. एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा निम्मा संसार झाला, असं ज्योत्सना हसून सांगायची.

मग अमर गेला. अमर लिलाधरचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यात अडकलेलं जाळं सोडवायला उतरला आणि वाहायला लागला. त्यांच्या घरात बापजाद्यांपासून एक शिस्त आहे, पाण्यातल्या माणसाला हात द्यायचा नाही, बांबू द्यायचा. हात दिला की बुडणारा देणाऱ्यालाही घेऊन जातो. लिलाधरनं शिस्तीप्रमाणे बांबू पुढे केला आणि तो हातभर कमी पडला.

त्यानंतर लिलाधरनं दोन गोष्टी केल्या. पहिल्यापेक्षा लांब बांबू तोडून आणला आणि ज्योत्सनाचं पाण्यात उतरणं बंद केलं. ती घाटावर बसून जाळी विणायची आणि नवऱ्यानं एकट्यानं आणलेले मासे विकायची. एकदा माझ्यासाठी मासा साफ करता करता ती मान वर न करता म्हणाली, "भाऊ, काठावर बसून बसून मी वाळून चालली." मी मासा घेऊन निघालो.

मागच्या वर्षी ती घरात भांडून शर्यतीत उतरली. बरोबरचा डोंगा लिलाधरचाच, कारण मंडळाचा नियम असा की डोंगा ज्याचा त्यानं आणायचा. शर्यत जिथे हात लावून संपवायची ती फळी दिसत होती. ती जराशी मंदावली आणि लिलाधरनं बांबू पुढे केला. पुढ्यात बांबू आला की धरायचा, हे तिच्या हाताला जाळं टाकायच्या दिवसांपासून ठाऊक. हातानं मनाला विचारलंच नाही. मी डोंग्यात होतो, मला 'बाद' म्हणावं लागलं.

यंदा सुरुवातीच्या घाटावर ज्योत्सनानं मला बाजूला बोलावलं, नवऱ्यालाही बोलावलं, आणि मला साक्षीला ठेवून म्हणाली, "या वर्षी मले पाण्यातून काढा लागलं तं मी जिंदगीभर पाण्यात पाय टाकणार नाही. नाही लागलं तं तुमी मले कधी अडवाचं नाही. अन् आज बांबू डोंग्यात नाही पायजे."

लिलाधरनं मान हलवली. मला हे असले पण अजिबात आवडत नाहीत. नवरा-बायकोच्या करारात तिसऱ्यानं साक्षीदार व्हायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण तिच्याकडे बघून मीही मान हलवली.

डोंग्यात पाय ठेवला आणि तळाशी पोत्याखाली बांबूचं टोक दिसलं. मी लिलाधरकडे पाहिलं. त्यानंही मी पाहिलेलं पाहिलं. मग पायानं पोतं पुढे सरकवलं.

पाणी असं गार होतं की नुसती बोटं बुडवली तरी कळ यावी. शिट्टी झाली, सगळे सुटले. ज्योत्सना तिच्या चालीनं निघाली, डोकं वर, हात सावकाश. पहिला अर्धा रस्ता मी निर्धास्त होतो. लिलाधर मात्र वल्हं मारत होता ते डोळे तिच्यावरून न हलवता. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. मी दुकानाच्या, बाजाराच्या गोष्टी काढून पाहिल्या. त्यातलं काही त्याच्या कानावर गेलं नाही.

नदीच्या वळणाशी, पाणी खोल आहे तिथे, तिचा एक पाय मारायचा थांबला. मग दुसरा. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पोटरीत गोळा आला असणार, गार पाण्यात येतो. ती उताणी झाली आणि तशीच पडून राहिली. कान पाण्याखाली, डोळे मिटलेले. प्रवाह तिला हळूहळू आमच्यापासून दूर, मधल्या धारेकडे न्यायला लागला.

लिलाधरनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, आवाज फाटला. त्यानं वल्हं डोंग्यात टाकलं, पोतं बाजूला केलं आणि बांबू उचलला.

"भाऊ, सांगा ना, काढू का?" तो म्हणाला.

हो म्हणावं तर बाईचं उरलेलं आयुष्य काठावर जाणार. नाही म्हणावं आणि ती तळाला गेली तर? मला भीती वाटत होती, खरी, घाणेरडी भीती, आणि तिच्यात तिच्या जिवाइतकीच माझ्या अंगावर काय येईल याचीही होती. भांडी विकणाऱ्या माणसानं कुणाच्या जगण्या-मरण्याचा निकाल का द्यावा?

तेवढ्यात तिचा हात वर झाला.

ऊन समोरून येत होतं, माझ्या चष्म्यावर पाण्याचे थेंब. मला एक उभा, काळा हात दिसला, बस. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी म्हटलं, "हात केला तिनं. काढ तिले."

आता लिलाधरनं फक्त बांबू पुढे करायचा होता. या वेळी तो पुरणार होता. नियम त्याच्या बाजूनं होता, निरीक्षकानं तोंडानं सांगितलं होतं, आणि ज्योत्सनानं स्वतःच्या तोंडानं केलेला करारही त्याच्याच बाजूनं होता. बायको जन्मभर काठावर, डोळ्यांसमोर, कोरडी. तीन वर्षं तो हेच मागत होता. कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. मी तर नाहीच.

तो हलला नाही. डोळ्यांवर हाताची सावली धरून तिच्याकडे बघत राहिला.

"नाही भाऊ," तो म्हणाला. "मूठ आहे. थांब म्हणून राहिली."

मी म्हटलं, नक्की बघ. मला तर काहीच कळत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"मी नाही ओळखणार तं कोण ओळखन?"

मग त्यानं डोंग्याच्या दुसऱ्या बाजूनं बांबू पाण्यात सोडून दिला. "हातात राहिला असता तं दिला असता मी," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात दाबून बसला. बांबू वाहत गेला. आम्ही दोघं रिकाम्या हातांनी तिच्याकडे बघत राहिलो. किती वेळ, ते देव जाणे. मला हनुमान चालिसा पाठ आहे, त्या वेळी पहिल्या ओळीपुढे आठवली नाही.

मग तिनं मूठ खाली घेतली. पाय पोटाशी ओढला, अंगठा धरून ताणला, सोडला, पुन्हा ताणला. कूस बदलली. आणि डोकं वर काढून एक हात मारला, मग दुसरा.

पुढचं सगळं ती एका पायानं पोहली. नागपूरवाल्या बाया केव्हाच पोचून चहा पीत होत्या. ती सगळ्यांत शेवटी आली आणि फळीला हात लावला. मी 'पूर्ण' असं ओरडलो ते इतक्या मोठ्यानं, की मंडळाचे लोक दचकून बघायला लागले. निरीक्षकानं ओरडायचं नसतं म्हणे. नसेल.

डोंगा घाटाला लागला. ज्योत्सना कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, ओठ निळे पडलेले. दुखरा पाय टेकत नव्हता आणि पायऱ्यांवर शेवाळ. तिनं डोंग्यात नजर टाकली, पोत्याकडे पाहिलं.

"बांबू कुठं आहे?" तिनं विचारलं. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"सोडला," लिलाधर म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पाण्यातूनच हात पुढे केला. लिलाधर पायरीवर नुसता उभा. पाण्यातल्या माणसाला हात त्यानं जन्मात कधी दिला नव्हता. तो चपलांसकट पाण्यात उतरला आणि त्यानं तिचा हात धरला.