शेवटचा स्टॉप, चौथा मजला

अडकित्त्याने कठडा दोनदा वाजवल्याशिवाय आमच्या तळमजल्यावरचे काका जिना चढत नसत. टण टण, मग पाऊल. दमले की एकच टण, आणि मुक्काम. मागे कोणी खोळंबलं तर न वळताच म्हणायचे, "घाई असेल त्याने टॅक्सी करावी."

तुम्ही ओळखलंच असेल, काका निवृत्त बस कंडक्टर होते.

घाटकोपरच्या आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नव्हती. लग्न होऊन मी दुसऱ्या मजल्यावर आले, त्या दिवाळीत काकांनी झाडून सगळ्या घरी फराळ केला आणि शेवटी आमच्या दारात उभे राहिले. "सूनबाईंच्या चकल्या कुठायत?" माझी चकली काही केल्या मोडेना. काकांनी शांतपणे खिशातून अडकित्ता काढला, सुपारीसारखे तिचे तुकडे केले आणि सगळी खाल्ली. मी आठवडाभर जिन्यात तोंड लपवून फिरत होते.

पुढच्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि सण इस्पितळात गेला. तळलेलं बंद, सुपारी बंद, रोज चालायचं, पण झेपेल तेवढंच, असं डॉक्टरांनी बजावलं. बिचारा अडकित्ता बेकार झाला, म्हणून कठड्यावर वाजू लागला.

पण काकांना खरी टोचणी फराळाची नव्हती. चौथ्या मजल्यावर माई राहत. मालवणच्या, एकट्या, काकांच्या मानलेल्या बहीण. गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरता येत नसे. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं. काकांची अठरा वर्षांत तेवढी एक भाऊबीज चुकली. माई त्या दिवशी पाट मांडून दिवेलागणीपर्यंत दाराकडे बघत बसल्या होत्या, हे काकांच्या फार जिव्हारी लागलं.

"यंदा वर जाणार," त्यांनी जाहीर केलं. "आणि माझ्या पायांनी."

मग रोज सकाळी जिना सुरू. जिथवर पोचले त्या पायरीवर खडूची रेघ. गणपतीपर्यंत गाडी दुसऱ्या मजल्याला लागली. मी भाजी घेऊन येईपर्यंत ते चार पायऱ्या चढलेले असत. "ओव्हरटेक करा," म्हणून हात दाखवत. खिशात काकूंनी दिलेला भाजक्या पोह्यांचा बिनतेलाचा चिवडा. "हा खाऊन मला पंख फुटतील," ते कुरकुरत. "मग जिना कशाला लागतोय!"

भाऊबीजेला काका नवा शर्ट घालून निघाले. मजल्यामजल्यावर बायका ताटल्या घेऊन उभ्या. "हाफ तिकीट!" म्हणत काका अर्धीच चकली मोडून घेत. माझी त्यांनी हाताने मोडली. मला आयुष्यात एवढी मोठी शाबासकी क्वचितच मिळाली असेल.

तिसऱ्या मजल्यावर एकच टण झालं. काका घामाघूम होऊन पायरीवर बसले. काकूंचा चेहरा उतरला. "पुरे झालं हो, फिरा मागे." कोणीतरी खुर्ची आणली. "काका, बसा. उचलून नेतो."

"मी काय गणपती आहे?"

वरून माईंचा आवाज आला, "रे, थांब थंयच! मीच खाली येतंय!"

"अजिबात नाही!" काका ओरडले. "चालत्या गाडीतून उतरायचं नाही!"

"मेल्या, तुजी गाडी चलता खंय?"

सगळा जिना हसला. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांचा श्वास जाग्यावर आला. अर्ध्या तासाने टण टण झालं. माईंनी त्यांना ओवाळलं तेव्हा आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे होतो. माईंनी अनारसा पुढे केला. काकांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

आणखी दोन भाऊबिजा काकांनी अशाच चढून केल्या. तिसरी यायच्या आधी, श्रावणात, ते गेले.

त्या भाऊबीजेला काकूंनी मला हाक मारली आणि अडकित्ता हातात दिला. "एवढा माईंकडे पोचव. माझ्याच्याने नाही होणार गं." मला तेव्हा सातवा महिना होता. तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. जरा टेकले, उठले, आणि कसं कोण जाणे, हातातला अडकित्ता कठड्यावर दोनदा आपटला.

वरून लगेच आवाज आला, "इलंस काय रे?"

मला रडूच फुटलं. तशीच डोळे पुसत वर गेले. पाट मांडलेला होता. माईंनी मला बघितलं, अडकित्ता बघितला. मग मला पाटावर बसवून एक अख्खा अनारसा दिला. दुसरा मोडून अर्धा पुढे केला.

"ह्यो पोटातल्याचो. हाफ तिकीट."

उरलेला अर्धा त्यांनी ताटलीत, अडकित्त्याशेजारी ठेवला.